शेवटचे चार दिवस आणि त्याआधीची तेरा वर्षं

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची तेरा वर्षांची मांजर पिठी तीन आठवड्यांपूर्वी गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या. चार दिवस सलाइन चाललं, शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन देऊन तिला सोडवलं. आता घरचे म्हणतायत, सामान आवरून टाक, नवीन पिल्लू आण, विसरशील. ताई लिहितात, "मला विसरायचं नाहीये. पण तिला आठवायला बसले की दवाखान्यातलं ते स्टीलचं टेबलच डोळ्यांसमोर येतं. तिची आठवण ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं?" त्याला जोडून आणखी प्रश्न आहेत. आजार आधी का कळला नाही? शेवटी तिचे डोळे उघडे होते, मग तिला सगळं कळत होतं का? सासूबाई म्हणतात मांजराचा जीव घेतला म्हणजे पाप, ते खरं का? रक्षेचं काय करायचं? आणि घरातला दुसरा बोका, काळू, दिवसभर तिला शोधतो, त्याचं काय?

ताई, मी पशुवैद्य आहे. परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजात शिकले आणि बरीच वर्षं ठाण्यात, नौपाड्यात दवाखाना चालवते. माझ्याकडे कुत्र्यांपेक्षा मांजरंच जास्त येतात. त्यामुळे तुम्ही लिहिलंय ते मी समोर बसलेल्या माणसांकडून पुष्कळदा ऐकलंय, अगदी याच शब्दांत. वस्तू ठेवू का काढू, हा तुमचा खरा प्रश्न मला वाटत नाही. तेरा वर्षांच्या सहवासावर चार दिवस येऊन बसलेत आणि ते हलत नाहीत, ही खरी अडचण आहे. ते चार दिवस बाजूला झाले तर पिठीची आठवण ठेवायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज उरणार नाही.

कुणाला काय लागू पडेल हे बरंचसं परिस्थितीवर असतं. मांजर म्हातारपणी आजारी पडून गेलं, की गॅलरीतून पडून अचानक गेलं, की घराबाहेर गेलं ते परतलंच नाही, या तिन्हींचं दुःख वेगळं असतं. परत न आलेल्या मांजराच्या माणसांना तर मी आधी शोधायला लावते, आठवणींचं नंतर बघू म्हणते. तुमच्या बाबतीत आजार माहीत आहे, शेवट तुमच्यासमोर झालाय आणि घरात दुसरं मांजर आहे. मी पुढे लिहिलंय ते हे धरून.

आधी त्या चार दिवसांचा हिशेब मिटवू. तो मिटल्याशिवाय मागचं काही आठवत नाही, हे मी पाहिलंय. "विचार करू नकोस" असं सांगून काही होत नाही, कारण मनात एक प्रश्न अडकलेला असतो आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत मन त्याच खोलीत फेऱ्या मारतं.

आधी का कळलं नाही? किडनीचा जुनाट आजार हा म्हाताऱ्या मांजरांत फार आढळणारा आजार आहे आणि तो गुपचूप येतो. किडनीचं जवळपास दोन-तृतीयांश काम बंद पडेपर्यंत मांजर बाहेरून ठीक दिसतं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य, तर साधारण तीन-चतुर्थांश काम गेल्यावर वाढायला लागतं. एसडीएमए नावाची तपासणी हे थोडं आधी पकडते, पण ती करायला कुणाला तरी शंका यावी लागते, आणि शंका यावी असं मांजर वागत नाही. ते स्वतः शिकारी असलं तरी मोठ्या जनावरांचं भक्ष्यही असतं, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या अंगातच असतं. पाणी जास्त पितं, लघवी जास्त होते ही सुरुवातीची लक्षणं खरी. पण घरात दोन मांजरं, एकच वाटी आणि शी-शूचा एकच ट्रे असेल तर कोण किती प्यायलं हे कुणाला कळणार? वजनाचंही तसंच. चार किलोचं मांजर तीन किलो सहाशेवर आलं तर उचलताना हाताला जाणवत नाही, पण शरीराचा दहावा हिस्सा गेलेला असतो. तुम्ही रोज तिला जवळ घेत होतात म्हणून तर तो फरक आणखीच कळला नसेल.

काळूसाठी मात्र यातून एक गोष्ट करा. तो सातच्या पुढे असेल तर वर्षातून एकदा आणि दहाच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी वजन, रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. पिठीच्या आजारातून काही कामाचं निघालं असेल तर हे.

आता ते उघडे डोळे. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, काही जण वर्षभराने विचारतात, म्हणजे तेवढा काळ तो मनात घेऊन फिरलेले असतात. डॉक्टरागणिक औषधं थोडी बदलतात, क्रम मात्र हाच असतो: आधी गुंगी, मग भुलीच्या औषधाचा खूप मोठा डोस शिरेतून. त्याने सगळ्यात आधी मेंदू बंद होतो, तेही काही सेकंदांत. श्वास आणि हृदय थांबतं ते त्यानंतर. म्हणजे तुम्ही जे पाहत होतात ते सगळं पिठीची शुद्ध हरपल्यानंतरचं होतं. डोळे मिटायला पापण्यांच्या स्नायूंना काम करावं लागतं. स्नायू सैल पडले की मांजराचे डोळे उघडेच राहतात. कधी एखादा खोल श्वास येतो, मिशा किंवा पंजा थरथरतो, लघवी होते. या शरीराच्या आपोआप होणाऱ्या हालचाली आहेत, त्यामागे वेदना नसते आणि ओळखही नसते. तिला शेवटचं जे कळलं ते तुमच्या हाताचा स्पर्श आणि सुईची टोचणी, आणि सुई तर चार दिवस तिच्या सवयीची झाली होती.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंय. बाळाचं रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहनही मांजरच. ज्या घरात हे ऐकत माणूस मोठा झाला, त्याला इंजेक्शनचं ऐकून धस्स होणारच. पण ज्यांनी ते सांगितलं त्यांच्यासमोर काठी उगारणारा माणूस होता. रागाने, दुधाच्या चार घोटांसाठी मुक्या जिवाला मारू नये म्हणून एवढं मोठं प्रायश्चित्त सांगितलं. तुमच्या घरी चार दिवस रात्रीची जागरणं झाली, बोटाने पाणी पाजलं, आणि काहीच उरलं नाही तेव्हा तिचे हाल थांबवले. आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदासुद्धा हा भेद ओळखतो; ज्या प्राण्याला जिवंत ठेवणंच क्रूरपणा ठरेल त्याला यातनेतून सोडवण्याची तरतूद त्याच्या तेराव्या कलमात आहे. सासूबाईंना हे वाद घालून सांगू नका. किडनी गेल्यावर मांजराच्या तोंडात फोड येतात, मळमळ थांबत नाही, भूक असून खाता येत नाही, एवढंच सांगा. मी असं शांतपणे समजावलं की बहुतेक आज्या स्वतःच म्हणतात, "सुटली बिचारी." आणि त्यांच्या मनाला बरं वाटणार असेल तर पिठीच्या नावाने चार भटक्या मांजरांना जेवू घाला. त्याने कुणाचंच वाईट होत नाही.

हे सगळं पटलं तरी ते टेबल लगेच जाणार नाही, कारण मनाची रचनाच तशी आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंशांच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या जादा वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. मग विचारलं, यातलं पुन्हा कोणतं कराल? बहुतेकांनी लांबलेलं दुसरं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. गोष्ट किती वेळ चालली हे मन मोजत नाही. सगळ्यात तीव्र क्षण कोणता आणि शेवट कसा झाला, एवढंच धरून ठेवतं. तुमच्या बाबतीत तीव्र क्षण आणि शेवट दोन्ही एकाच टेबलावर आलेत. म्हणून तेरा वर्षं पुसल्यासारखी वाटतात. ती आहेत, पण आपणहून वर येत नाहीत. त्यांना मुद्दाम हाका मारून बोलवावं लागतं, आणि आठवण ठेवणं म्हणजे माझ्या मते हेच काम.

ते कसं करायचं, याची माझी एक पद्धत आहे.

तुमच्या डॉक्टरांकडे पिठीचा जुना केस पेपर असेल. तो मागून घ्या, फोटोकॉपी चालेल. दवाखाने बदलले असतील तर लसीकरणाचं पुस्तक, जुन्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं, जे मिळेल ते. आणि ते शेवटच्या पानापासून वाचू नका, पहिल्या पानापासून वाचा. आम्ही डॉक्टर घाईत दोन-दोन ओळी खरडतो, पण त्यात एक अख्खं आयुष्य तारखेवार उतरलेलं असतं.

माझ्याकडे कोपरीचं एक वयस्क जोडपं यायचं. त्यांचा केशर नावाचा पिवळा बोका किडनीच्याच आजाराने गेला. काही दिवसांनी आजी-आजोबा उरलेली औषधं परत द्यायला आले आणि आजी दारातच म्हणाल्या, "डॉक्टर, मला त्याचा चेहराच आठवत नाही हो, नळीच आठवते." मी केशरची फाइल काढून त्यांच्यासमोर ठेवली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: वजन ३८० ग्रॅम, डोळ्यांत चिकटा, पिसवा भरपूर, रिक्षा स्टँडजवळ सापडला. पुढे, पहिली लस. दुसऱ्या लसीच्या शेजारी लाल शाईने: चावतो, टॉवेल लागेल. मग नसबंदी. मग एका रात्रीची नोंद: शिवणाचा दोरा गिळला, ऑपरेशन. मग दोन वर्षं नुसती लस आणि वजन, ४.१, ४.६, ५.२, आणि त्यापुढे मी लिहिलेलं, "खाणं कमी करा". आजी टॉवेलवर आल्या आणि हसायला लागल्या. आजोबा म्हणाले, दोरा तुझ्याच डब्यातला होता. आजी म्हणाल्या, डबा उघडा कुणी ठेवला होता? खाणं कोण जास्त घालायचं यावरून तर दोघांची चांगलीच जुंपली. बाहेर पेशंट थांबले होते, पण मी त्यांना उठवलं नाही. जाताना आजींनी सगळ्या पानांचे फोटो काढून नेले.

तुम्हीही घरात हे पान मोठ्याने वाचा, सगळे असताना. प्रत्येक तारखेला कुणाला तरी काहीतरी आठवेल. या नोंदीच्या वेळी आपण जुन्या घरात होतो, ही लस लग्नाआधीची, या दिवशी रिक्षात तिने पिशवी फाडली. ते लगेच लिहून ठेवा.

कागदपत्रं संपली की दुसरा टप्पा म्हणजे तिचा दिवस लिहायचा, सकाळपासून रात्रीपर्यंत. यात एक पथ्य पाळा. "खूप प्रेमळ होती", "घरातलंच माणूस होती" अशी वाक्यं लिहू नका. ती खरी असतात, पण कुणाच्याही मांजराला चालतात, आणि महिन्याभराने वाचली तर त्यातून काहीच दिसत नाही. कुकरची कितवी शिट्टी झाली की ती ओट्याखाली येऊन बसायची? मांदेली आणल्यावर पिशवीच्या आवाजाने यायची का वासाने? पाऊस सुरू झाला की कुठल्या खिडकीत? गणपतीत मखराच्या मागे झोपायची का दूर्वा खायची? तुमच्या अंगावर झोपताना डोकं कुठल्या बाजूला? राग आला की शेपूट कशी आपटायची? तिने केलेली नुकसानंही लिहा, फाडलेला सोफा, पाडलेली कुंडी, पाहुण्यांना मारलेला पंजा. गेलेल्याबद्दल फक्त चांगलं बोलायचं, ही आपली सवय मांजराच्या बाबतीत उपयोगाची नाही, कारण पिठीचं पिठीपण त्या खोड्यांतच जास्त होतं.

तुम्हाला आठवत नसेल तर दुसऱ्यांना विचारा. कामाच्या मावशींना ती त्या वेळी दिसायची जेव्हा तुम्ही ऑफिसात होतात. शेजारच्या काकू, वॉचमन, मासेवाली, सगळ्यांकडे तिचा एकेक तुकडा आहे. पहिल्या बैठकीत रडू येईल आणि टेबलही पुन्हा दिसेल. थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार ओळी लिहा. किती दिवसांत फरक पडतो हे माणसागणिक वेगळं असतं. पण टेबल येण्याच्या आधी दुसरं काहीतरी यायला लागतं, एवढं मी पुष्कळांकडून ऐकलंय.

आता वस्तू. सगळं ठेवायचं की सगळं काढायचं, हा निर्णय आज घेऊच नका. आज फक्त त्या चार दिवसांच्या वस्तू घराबाहेर काढा: सलाइनच्या बाटल्या, नळी, सिरिंज, औषधांच्या पट्ट्या, चादरीवर अंथरलेली डायपर शीट. सुया कचऱ्यात टाकू नका, डब्यात बंद करून दवाखान्यात परत द्या. कचरा गोळा करणाऱ्यांच्या हातांना त्या लागतात. बाकीच्या वस्तू जागच्या जागी राहू देत.

तिची झोपायची गोधडी धुऊ नका. वास एकदा गेला की परत येत नाही, आणि आठवण जागवायला वासाइतकं दुसरं काही नाही. तिचा एक कोपरा कापून, पूर्ण कोरडा असताना, झिपच्या पिशवीत ठेवा. पिशवीत सिलिका जेलची पुडी घाला, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी येईल. पट्टा, घुंगरू आणि सोफ्यात सापडलेली एखादी मिशी हेही तसंच ठेवा. मोबाइलमधले व्हिडिओ आधी दुसरीकडे उतरवून घ्या, मूळ फाइल घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको, कारण त्यात चित्राचा आणि आवाजाचा दर्जा घटतो. फोटो चांगले असतात, पण तिचा आवाज फक्त व्हिडिओत आहे. ते आत्ता पाहवत नसतील तर पाहू नका. फोन आपणहून "तीन वर्षांपूर्वीची आठवण" म्हणून फोटो पुढे करतो, त्यात ठरावीक चेहरे लपवायची सोय असते, गुगल फोटोजमध्ये प्राण्यांचेसुद्धा. ती काही महिने वापरा.

रक्षेबद्दल. मांजराची रक्षा मूठ-दोन मुठी असते. सामूहिक दहन असेल तर ती एकट्या पिठीची नसते, हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नसेल तर दहन करणाऱ्यांना विचारून घ्या. ती घरात ठेवू नये असं सासूबाईंना वाटत असेल तर विसर्जन करायला हरकत नाही. ठाण्याच्या खाडीत करणार असाल तर नुसती रक्षा सोडा. मडकं, फडकं, प्लास्टिकची पिशवी, हार असं काही पाण्यात नको. ती खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे आणि तिथे आधीच आपण खूप घाण केलीय.

पुष्कळ जण रक्षा कुंडीत घालून वर मोगरा किंवा तुळस लावतात. कल्पना सुंदर आहे, पण रक्षा फार अल्कधर्मी आणि क्षारयुक्त असते. सगळी एका कुंडीत घातली तर झाड मुळापासून जळतं. मग "तिचं झाडही जगलं नाही" म्हणून माणूस पुन्हा कोलमडतो. मी असे फोन घेतलेत. म्हणून चमचाभर रक्षाच घ्या, मोठ्या कुंडीतल्या भरपूर मातीत आणि शेणखतात नीट मिसळा, काही दिवस तशीच ओली ठेवा आणि मग रोप लावा. उरलेली विसर्जन करा.

फोटोपुढे फुलं ठेवत असाल तर एक गोष्ट कळकळीने सांगते. घरात काळू आहे. सांत्वनाला कुणी गुच्छ आणला आणि त्यात लिलीची फुलं असली तर तो गुच्छ घरात घेऊ नका. लिलीचं पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडन्या दोन-तीन दिवसांत निकामी करतं. अंगावर पडलेले पराग चाटले तरी पुरतं. चुकून तोंडात गेलं तर लक्षणांची वाट न बघता त्याच तासाला दवाखाना गाठा. झेंडू, गुलाब ठेवा.

काळूचं शोधणं खरं आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओकलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजरं पाळणाऱ्यांना विचारून केलेल्या अभ्यासात, घरातला जोडीदार गेल्यावर मागे राहिलेली मांजरं कमी खातात, कमी खेळतात, माणसाला जास्त चिकटतात असं दिसलं. माणूस स्वतः दुःखात असतो तेव्हा त्याला मांजरही दुःखी दिसतं, ही शक्यताही त्याच अभ्यासात मांडलीय. काळूच्या मनात नेमकं काय चाललंय हे सांगता यायचं नाही, पण त्याच्या वाटीत किती उरलं हे दिसतं, आणि तेच पाहायचं. मांजर दोन-तीन दिवस जवळपास उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचायला लागते आणि जीव धोक्यात येतो. जाडजूड बोक्यांत हे लवकर होतं. म्हणून एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. जेवणाच्या वेळा बदलू नका. पिठीची गोधडी त्याच्यासमोरून एकदम काढू नका, तिचा तो कोपरा कापून झाल्यावर उरलेली त्याच्याजवळच राहू दे.

घरात लहान मूल असेल तर त्याला "पिठी झोपली" किंवा "गावाला गेली" सांगू नका. एकाने मुलं झोपायला घाबरतात, दुसऱ्याने दाराकडे बघत बसतात. "ती मेली, तिचं शरीर आता चालत नाही, तिला दुखत नाही" असं सरळ सांगा. मुलं ते आपल्यापेक्षा बरं पेलतात, आणि दिवस लिहायच्या कामात त्यांच्याइतकं तपशीलवार कुणालाच आठवत नाही.

तीन आठवड्यांत "अजून किती दिवस?" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. माणूस गेला की दहा-तेरा दिवस घर भरलेलं असतं, लोक येतात, बोलतात. मांजरासाठी तशी कुठलीच रीत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लोकल पकडून कामावर जावं लागतं आणि दुःखाला बसायला जागाच मिळत नाही. रडू येणं, तिच्या वेळेला जाग येणं, पायाशी काहीतरी हललं असं वाटणं हे सगळं होतं. मात्र आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, काम होत नाही, किंवा जगूच नये असं वाटतं, असं असेल तर ते अंगावर काढू नका. मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत असते. ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. "मांजरासाठी आलेय" म्हणायला लाजू नका.

राहिलं नवीन पिल्लू. विसरण्यासाठी आणणार असाल तर आणू नका, कारण ते पहिल्या दिवसापासून पिठीसारखं वागणार नाही आणि बिचाऱ्याला त्याची शिक्षा मिळेल. काळूसाठी आणायचं असेल तरी घाई नको. मोठ्या बोक्याला अंगावर उड्या मारणारं पिल्लू म्हणजे सोबत वाटेलच असं नाही. पिठीचा दिवस तुम्ही न अडखळता सांगू शकाल, त्यानंतर केव्हातरी स्वतःलाच वाटलं तर आणा. पिठीचा आजार संसर्गाचा नव्हता, त्यामुळे घर निर्जंतुक करायची गरज नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं मांजर पार्व्होसारख्या उलट्या-जुलाबाने, म्हणजे पॅनल्युकोपेनियाने गेलं असेल, तर त्यांचं गणित वेगळं: तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, नुसत्या फिनेलवर विसंबू नका, ब्लीच लागतं, आणि लसीचे डोस पूर्ण झालेलं मांजरच घरात आणावं. तुमच्याकडे आणाल तेव्हा पिल्लाला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, रक्त तपासून घ्या, काळूला आधी दाराखालून वास घेऊ द्या. त्याचं नाव नवीन ठेवा, आणि पिठीचा केस पेपर परत करताना डॉक्टरांना त्याच्यासाठी कोरा मागा.